वैद्यकीय विद्यार्थी आणि फ्लूची लस : एक चिंतन

आपल्या वस्तीतील एखादा मुलगा किंवा मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली की साऱ्या वस्तीला आनंद होतो. पेढे वाटले जातात, सत्कार होतो, आणि त्याच दिवसापासून शेजारपाजारची माणसे हातात गोळ्यांचे पाकीट घेऊन "बाळ, ही कशावरची?" असे विचारू लागतात. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने तेव्हा हाडांची नावेसुद्धा धड पाठ केलेली नसतात, ही गोष्ट वेगळी. लोकांच्या लेखी तो डॉक्टर झालेला असतो. म्हणूनच असा विद्यार्थी लसीबद्दल काय विचार करतो, स्वतः ती टोचून घेतो की नाही, हा त्याचा एकट्याचा खासगी प्रश्न राहत नाही. वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र शिकविण्यात माझ्या आयुष्याची बरीच वर्षे गेली. त्या अनुभवाच्या आधारे या प्रश्नाचा थोडा विस्ताराने विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वर्गात मी एक साधा प्रयोग करीत असे. पावसाळा तोंडावर आला की मुलांना कोऱ्या चिठ्ठ्या वाटायच्या. नाव लिहायचे नाही. प्रश्न दोनच : हिपॅटायटिस-बी म्हणजे कावीळ 'ब' ची लस घेतली आहे काय? आणि फ्लूची घेतली आहे काय? नसल्यास का नाही, तेही एका ओळीत लिहावे. चिठ्ठ्या गोळा करून टेबलावर दोन ढीग केले की दरवर्षी तेच चित्र दिसे. काविळीच्या लसीला बहुतेकांचे 'होय', फ्लूच्या लसीला बहुतेकांचे 'नाही'. मुले तीच, महाविद्यालय तेच, सुईचे भय असलेच तर तेही दोन्हीकडे सारखे. मग हा फरक का पडावा? या 'का'चे उत्तर शोधता शोधता मला विद्यार्थ्यांविषयी जेवढे कळले, तेवढेच माझ्याविषयीही कळले. त्याबद्दल पुढे सांगतोच.

आजार कोणता?

आपल्याकडे प्रत्येक शिंकेला 'फ्लू झाला' म्हणण्याची पद्धत पडली आहे, आणि निम्मा घोटाळा येथेच आहे. सर्दी-पडसे करणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत. इन्फ्ल्युएंझाचा विषाणू त्यांहून निराळा. त्याचे 'ए' आणि 'बी' हे दोन प्रकार दरवर्षी साथ आणतात. एकाएकी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येते, डोके ठणकते, कोरडा खोकला लागतो आणि ताप उतरल्यावरही कित्येक दिवस उभे राहण्याचे त्राण राहत नाही. धडधाकट तरुण बहुधा आठवडाभरात उठून कामाला लागतो. परंतु गरोदर स्त्रिया, दमा, मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले रुग्ण, वृद्ध माणसे आणि पाच वर्षांखालील मुले यांच्या बाबतीत हाच ताप न्यूमोनियापर्यंत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी जगात २ लाख ९० हजार ते ६ लाख ५० हजार माणसे फ्लूमुळे होणाऱ्या श्वसनविकाराने दगावतात. आपल्या देशात एकट्या २०१५ साली एच-वन-एन-वन फ्लूचे ४२ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले आणि त्यातील सुमारे तीन हजार दगावले. हा केवळ तपासणी झालेल्यांचा आकडा आहे. ज्यांची तपासणीच झाली नाही, त्यांची गणती कोणी करावी?

जुन्या माणसांच्या बोलण्यात 'मानमोडी'ची साथ असा उल्लेख येत असे. १९१८ सालची ती हीच साथ होय. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले आणि तेथून मुंबईत साथीचा गवगवा सुरू झाला. सप्टेंबर-ऑक्टोबरात दुसरी लाट आली, ती पहिलीहून कितीतरी भयंकर. संपूर्ण हिंदुस्थानात किती माणसे मेली याचे निरनिराळे अंदाज आहेत. पुष्कळसे अभ्यासक ते सव्वा ते दोन कोटींच्या दरम्यान धरतात. १९११ ते १९२१ या दशकात आजच्या भारताच्या भूभागाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, याचे मोठे कारण ही साथ होती. त्या साथीचे वैशिष्ट्य असे की म्हाताऱ्यांबरोबर वीस ते चाळीस वयाची कमावती माणसे तिने मोठ्या प्रमाणात नेली. 'आम्ही तरुण आहोत, आम्हाला काय होते' असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर मी हा मुद्दा आवर्जून मांडत असे.

त्याच वर्षी अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात डॉक्टर आणि परिचारिका इतक्या अपुऱ्या पडल्या की पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने वैद्यकशास्त्राच्या वरच्या वर्गांचे तास बंद करून विद्यार्थ्यांना इस्पितळात शुश्रूषेला पाठविले. आयझॅक स्टार नावाचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी त्यांत होता. पुढे तो नामांकित हृदयरोगतज्ज्ञ झाला आणि १९७६ साली त्याने त्या दिवसांच्या आठवणी लिहून प्रसिद्ध केल्या. फ्लूबद्दल अगदी जुजबी शिकवण घेऊन ही पोरे रोगाच्या तोंडी गेली होती. लस नव्हती. रोग कशाने होतो हेही ठाऊक नव्हते. विषाणू हाती लागला तो १९३३ साली, लंडनला.

लस आणि विद्यार्थी यांचे जुने नाते

आजचे विद्यार्थी ज्या लसीकडे पाठ फिरवतात, ती लस मुळात विद्यार्थ्यांच्या दंडावरच सिद्ध झाली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने हजारो जवानांना विद्यापीठांत शिकावयास ठेवले होते. १९४३ साली मिशिगन विद्यापीठाचे थॉमस फ्रान्सिस आणि त्यांचे तरुण सहकारी जोनास साल्क (पोलिओच्या लसीमुळे पुढे ज्यांचे नाव घरोघरी गेले तेच) यांच्या गटाने अशा सुमारे साडेबारा हजार विद्यार्थी-सैनिकांवर फ्लूच्या लसीची चाचणी घेतली. निम्म्यांना लस दिली, निम्म्यांना लसीसारखे दिसणारे पाणी. साथ आली तेव्हा लस न मिळालेल्यांपैकी सुमारे सात टक्के आजारी पडले, लस मिळालेल्यांपैकी सुमारे दोन टक्के. लस यशस्वी झाली असे सर्वांना वाटले.

परंतु पुढची गोष्टही विद्यार्थ्यांना सांगावीच लागते. नाहीतर आपण अर्धेच सत्य शिकवतो. त्याच मिशिगन विद्यापीठात १९४६ च्या अखेरीस हजारो विद्यार्थ्यांना ही लस टोचली. १९४७ च्या मार्चच्या सुमारास साथ आली, आणि टोचलेले व न टोचलेले जवळजवळ सारख्याच प्रमाणात आजारी पडले. लसीत भेसळ नव्हती. विषाणूच बदलला होता. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर हिमॅग्लुटिनिन आणि न्यूरॅमिनिडेज या नावांची दोन प्रथिने काट्यांसारखी उभी असतात. आपले शरीर विषाणूला ओळखते ते या काट्यांवरून. विषाणू वाढताना त्यांच्या घडणीत बारीक बारीक चुका होत जातात, काट्यांचा आकार हळूहळू पालटतो आणि गेल्या वर्षीची ओळख यंदा उपयोगी पडत नाही. 'दरवर्षी कोण टोचून घेणार?' हा चिठ्ठ्यांमधला अगदी नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर या काट्यांमध्ये आहे. शिवाय लसीने आलेली प्रतिकारशक्ती काही महिन्यांनी ओसरू लागते, हे दुसरे कारण.

हा पालट टिपण्यासाठी १९५२ पासून जागतिक आरोग्य संघटनेने देशोदेशींच्या प्रयोगशाळांचे जाळे उभारले आहे. पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, जी त्याच १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली, ती या जाळ्यातील आपले राष्ट्रीय केंद्र आहे. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, येत्या हंगामाच्या लसीत कोणते विषाणू घालावेत हे ठरते. काही वर्षे लसीत चार घटक असत. त्यातील 'बी' प्रकारची यामागाता नावाची शाखा मार्च २०२० नंतर जगात कोठेही खात्रीशीररीत्या आढळली नाही. म्हणून आता शिफारस तीन घटकांची आहे. करोनाच्या काळात मुखपट्ट्या आणि अंतर पाळल्यामुळे एक शाखाच नाहीशी झाली असावी, ही मला तरी मोठी विलक्षण गोष्ट वाटते.

चिठ्ठ्यांवरील कारणे

आता कारणांकडे वळू. 'लस घेतली की फ्लू होतो' असे लिहिणारे दरवर्षी निघत. वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याने असे लिहावे याचे प्रथम वाईट वाटे. पुढे कळले की घरी, वसतिगृहात, मेसमध्ये जे कानावर पडते ते पुस्तकापेक्षा आत खोल जाऊन बसते. दंडात टोचण्याच्या लसीत जिवंत विषाणू नसतो. तो निर्जीव केलेला असतो, बहुधा त्याचे तुकडेच असतात. त्याने फ्लू होऊ शकत नाही. दंड दुखतो, क्वचित एक-दोन दिवस कणकण येते. काहींना लस आणि काहींना मिठाचे पाणी टोचून तुलना केली गेली, तेव्हा दोन्ही गटांत ठळक फरक आढळला तो दंड दुखण्याचाच. मग 'मला झाला होता' असे शपथेवर सांगणाऱ्याचे काय? प्रतिकारशक्ती तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्या अवधीत फ्लू झालाच तर दोष लसीवर येतो. आणि पावसाळ्यात बाकीचे दोनशे विषाणू काही सुटीवर गेलेले नसतात.

अभ्यासू विद्यार्थी याहून कठीण प्रश्न काढतात. एकाने चिठ्ठीवर '१९७६' एवढेच लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले होते. मला तो मुलगा आवडला. १९७६ साली अमेरिकेत फोर्ट डिक्स येथील लष्करी तळावर डुकरांतील फ्लूसारखा विषाणू सापडला, महासाथ येणार अशी धास्ती पडली आणि चार कोटींहून अधिक लोकांना घाईने लस देण्यात आली. महासाथ आलीच नाही. मात्र लस घेतलेल्यांत गियाँ-बारे या नावाच्या, हातापायांची शक्ती जाणाऱ्या आजाराचे प्रमाण वाढलेले दिसले; दर लाखात साधारण एक जादा रुग्ण. डिसेंबरात मोहीम थांबवावी लागली. ही घटना लपवून लस विकू नये, असे माझे मत आहे. त्याचबरोबर हेही सांगावे, की त्यानंतरच्या हंगामी लसींवर दशकानुदशके नजर ठेवली गेली आहे, आणि हा धोका आढळलाच तर दर दहा लाखांत एक-दोन एवढाच आढळतो. प्रत्यक्ष फ्लू झाल्यानेही हाच आजार होऊ शकतो, हे तर बहुतेकांना ठाऊकच नसते.

'लस पुरती चालत नाही' हे कारण खरे आहे. विषाणू आणि लस यांचा मेळ चांगला बसला त्या वर्षी डॉक्टरकडे जाण्याइतका आजार होण्याची शक्यता सुमारे ४० ते ६० टक्क्यांनी कमी होते. मेळ बसला नाही तर त्याहूनही कमी. गोवराच्या लसीशी तुलना केली तर ही लस दुबळीच म्हणावी लागेल. पण निम्म्याने कमी म्हणजे काही नाही असे गणित मांडणारा विद्यार्थी परीक्षेतील पन्नास गुणांना शून्य म्हणेल काय?

काही चिठ्ठ्यांवर 'लस अंड्यापासून बनते' असे लिहिलेले असे. बहुतेक फ्लू लसी कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून केल्या जातात हे खरे आहे. ज्याने त्याने आपल्या आहाराचा निर्णय घ्यावा. त्यावर मी वाद घातला नाही.

'मला कधी फ्लू होत नाही' हे मात्र सर्वांत जास्त चिठ्ठ्यांवर असणारे वाक्य. यावर थांबायला हवे, कारण काविळीची आणि फ्लूची लस यांतील फरकाचे कोडे येथे सुटते. कावीळ 'ब' ची लस विद्यार्थी का घेतो? रुग्णाची सुई आपल्या बोटात शिरेल या भीतीने. तेथे रोग रुग्णाकडून आपल्याकडे येतो. फ्लूच्या बाबतीत रोग आपल्याकडून रुग्णाकडे जाण्याचाही संभव असतो, आणि ही दिशा तरुण मनाला दिसतच नाही. २०२१ साली करोनाच्या लसीबाबत २२ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील १,०६८ वैद्यकीय विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीत लसीबाबत कां-कूं करणारे सुमारे १०.६ टक्केच निघाले. म्हणजे आपली मुले लसीची शत्रू नाहीत. जीव धोक्यात आहे असे स्वतःला वाटले की ती बाही वर करतात.

रोग कोणत्या वाटेने जातो

व्हिएन्ना शहरातील मोठ्या सरकारी इस्पितळात १८४० च्या दशकात दोन प्रसूतिगृहे होती. पहिल्यात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या प्रसूतिगृहात बाळंतज्वराने मरणाऱ्या बाया दुसऱ्याच्या कितीतरी पट अधिक असत. ही गोष्ट शहरभर ठाऊक होती; बाया पहिल्या विभागात जाऊ नये म्हणून गयावया करीत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने कारणाचा ध्यास घेतला. १८४७ च्या मार्चमध्ये त्याचे मित्र, प्राध्यापक कोलेच्का, शवविच्छेदन करताना एका विद्यार्थ्याच्या हातातील सुरी लागून वारले आणि त्यांच्या शरीरात बाळंतज्वरासारख्याच खुणा आढळल्या. तेव्हा सेमेलवाइसला उमगले की शवागारातून थेट प्रसूतिगृहात येणारे विद्यार्थी आणि डॉक्टरच आपल्या हातांनी मरण नेत आहेत. मे महिन्यात त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाया मेल्या होत्या. जूनमध्ये ते प्रमाण सुमारे दोनवर आले, जुलैत त्याहूनही खाली.

ते विद्यार्थी दुष्ट नव्हते. ते हुशार होते, मेहनती होते, आणि त्यांच्यापैकी एकालाही आपण आजारी आहोत असे वाटत नव्हते. कारण ते आजारी नव्हतेच. फ्लूची गोष्ट अगदी तशीच नसली तरी जवळची आहे. लक्षणे दिसण्याच्या आदल्या दिवसापासून रोगी विषाणू पसरवू लागतो, आणि पुढे पाच ते सात दिवस पसरवत राहतो. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे १९९३-९४ च्या साथीनंतर इस्पितळातील ५१८ कर्मचाऱ्यांचे रक्त तपासले गेले. १२० जणांना फ्लूचा संसर्ग होऊन गेल्याचा पुरावा रक्तात मिळाला. त्यांतील ५९ टक्के लोकांना आपल्याला फ्लू झाला होता हे आठवत नव्हते. २८ टक्क्यांना तर साधी सर्दी झाल्याचेही स्मरण नव्हते. ही माणसे नित्याप्रमाणे वॉर्डात काम करीत होती. 'मला कधी फ्लू होत नाही' या वाक्यावर याहून चांगले भाष्य मला सापडलेले नाही.

मी स्वतः १९८० च्या दशकात आंतरवासिता करीत असताना एकदा अंगात ताप असूनही दोन गोळ्या घेऊन वॉर्डात गेलो होतो. आजारपणाची रजा मागणे म्हणजे कामचुकारपणा, अशी तेव्हा समजूत होती. आजही ती फारशी गेली आहे असे नाही. कोपऱ्यातील खाटेवर दम्याचे एक आजोबा होते. मला ते 'लेका' म्हणत. त्यांची शीर सापडत नसे. त्या दिवशी मी बराच वेळ त्यांच्यावर वाकून शीर शोधीत बसलो, मध्येच तोंड फिरवून खोकलो. तिसऱ्या दिवशी त्यांना ताप भरला, मग छाती भरून आली, आणि आठवड्याच्या आत ते गेले. मृत्यूचा दाखला मीच लिहिला, न्यूमोनिया म्हणून. वॉर्डात खोकणारी माणसे चाळीस होती आणि विषाणू तपासण्याची सोय कोठे होती! तेव्हा तो ताप माझाच होता असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. तो माझा नव्हता असेही नाही. फ्लूची लस डॉक्टरांनी घ्यावी ही गोष्टच त्या काळी आम्हाला कोणी सांगितलेली नव्हती.

कर्मचाऱ्यांना लस दिल्याने रुग्ण वाचतात काय, हा प्रश्न पुढे स्कॉटलंडमध्येच तपासला गेला. वृद्धांच्या दीर्घ मुक्कामाच्या वीस इस्पितळांपैकी निम्म्यांत कर्मचाऱ्यांना लस देऊ केली. तेथे त्या हिवाळ्यात १३.६ टक्के वृद्ध दगावले. जेथे लस देऊ केली नाही तेथे २२.४ टक्के. मात्र रुग्णांच्या नाकातील नमुन्यांत फ्लूचे प्रमाण दोन्हीकडे फारसे वेगळे निघाले नाही, त्यामुळे या निष्कर्षावर तज्ज्ञांत आजही वाद आहे. मुलांना हा वाद मी मुद्दाम शिकवीत असे. पुरावा पक्का कोठे आहे आणि कच्चा कोठे, हे ज्याला समजते तोच उद्या रुग्णाच्या प्रश्नांना सरळ उत्तर देतो.

दोष एकट्या विद्यार्थ्याचा काय?

आता ती चिठ्ठी, जिच्याविषयी मी सुरुवातीला सूचित केले होते. एका वर्षी एका मुलीने (अक्षरावरून मुलीचे वाटले) कारणाच्या जागी उलट प्रश्न लिहिला होता : 'सर, तुम्ही घेतली आहे का?' वर्गासमोर चिठ्ठ्या वाचून दाखविण्याची माझी पद्धत होती. ती चिठ्ठी वाचताना मी अडखळलो. त्या वर्षी मी लस घेतलेली नव्हती. मधुमेह जडून मला पाच वर्षे झाली होती आणि मी रोज ओपीडीत बसत होतो. मी खरे ते सांगितले आणि दुसऱ्या दिवशी जाऊन टोचून घेतली. एवढ्याने वर्गात क्रांती झाली नाही. पण त्या आठवड्यात सात-आठ जण माझ्या खोलीत येऊन 'कोठे मिळते, किती पैसे पडतात' असे विचारून गेले. व्याख्यानाने इतके कधी आले नव्हते.

'किती पैसे पडतात' हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खासगी दवाखान्यात एका डोसला दीड-दोन हजार रुपयांच्या घरात खर्च येतो. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येत नाहीत म्हणून मेसचे बिल थकलेला विद्यार्थी दरवर्षी एवढी रक्कम कोठून काढणार? कावीळ 'ब' ची लस बहुतेक ठिकाणी महाविद्यालयच देते, वेळापत्रक लावते, नोंद ठेवते. म्हणून तेथे 'होय'चा ढीग उंच दिसतो. फ्लूच्या लसीबाबत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत आरोग्य कर्मचाऱ्यांचा समावेश आहे. परंतु राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून गरोदर माता आणि मधुमेह, रक्तदाब यांसारखे आजार असलेल्यांना ती मोफत देण्यास सुरुवात केली, हे पाऊल चांगलेच होते. विद्यार्थी मात्र धड कर्मचारी नाही, धड रुग्ण नाही. यादी करताना तो मधल्या फटीत पडतो. 'कोणी सांगितलेच नाही' असे लिहिणारी चिठ्ठी निष्काळजीपणाची असते असे मी पूर्वी समजत असे. आता तसे म्हणवत नाही.

वरिष्ठांचा कित्ता हाही भाग आहेच. २००९ साली ऑगस्टमध्ये पुण्यात स्वाइन फ्लूने देशातील पहिला बळी घेतला, चौदा वर्षांच्या शाळकरी मुलीचा. शाळा बंद झाल्या, रुग्णालयांसमोर रांगा लागल्या. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, केंद्र शासनाने परदेशातून लस आणून ती प्रथम आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी राज्यांना पाठविली, आणि अनेक ठिकाणी डॉक्टरांनीच ती घेण्यास टाळाटाळ केली. निवासी डॉक्टर वरिष्ठांकडे पाहतो, आंतरवासी निवासी डॉक्टरकडे, आणि विद्यार्थी या सर्वांकडे.

अलीकडे यात एक नवी गोष्ट आली आहे. २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या अभ्यासक्रमाप्रमाणे एम.बी.बी.एस.च्या पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांना खेड्यातील काही कुटुंबे दत्तक दिली जातात. तो त्यांच्या घरी जातो, आजीचा रक्तदाब मोजतो, सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करतो. म्हणजे वसतिगृहातील दाटीवाटीच्या खोलीतून निघालेला विद्यार्थी त्याच आठवड्यात वॉर्डात आणि गावातील घरात, दोन्हीकडे पोहोचतो. पूर्वी ही वेळ त्याच्यावर तिसऱ्या-चौथ्या वर्षी येत असे. लसीचा विचार अंतिम वर्षात करून चालणार नाही, तो प्रवेशाच्या वेळीच व्हावा, असे मला वाटते ते यामुळे.

विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. आपल्या देशाच्या बहुतेक भागात फ्लू पावसाळ्यात वाढतो, आणि जानेवारी ते मार्च या काळात पुन्हा डोके वर काढतो. काश्मीरसारख्या थंड प्रदेशात त्याचा जोर हिवाळ्यात असतो. म्हणून महाराष्ट्रातील विद्यार्थ्याने एप्रिल-मेमध्ये, मृगाच्या आधी, लस घ्यावी. दुकानात किंवा दवाखान्यात गेल्यावर डब्यावरील हंगाम आणि मुदत पाहावी. गेल्या हंगामातील उरलेला डोस घेऊ नये. अंगात ताप असेल तर बरे होईपर्यंत थांबावे. पूर्वी फ्लूच्या लसीने तीव्र स्वरूपाची ॲलर्जी झाली असल्यास, किंवा गियाँ-बारे हा आजार होऊन गेला असल्यास, डॉक्टरांना आधी सांगावे. टोचल्यावर अर्धा तास तेथेच बसावे. वसतिगृहातील मुलांनी एकत्र जाऊन महाविद्यालयाच्या अधिष्ठात्यांकडे लेखी अर्ज करावा, की कावीळ 'ब' बरोबर या लसीचीही सोय संस्थेने करावी. एकट्या मुलाने मागितले तर उत्तर मिळत नाही, चाळीस सह्या असल्या की फाइल हलते. आणि लस घेतली असो वा नसो, ताप आणि खोकला असेल त्या दिवशी वॉर्डात जाऊ नये. युनिटच्या डॉक्टरांना तसे स्पष्ट कळवावे, आणि त्यांनी तोंड वाकडे केले तरी खोलीतच राहावे.